पोलवरून सटकताय? आधी लोशन बंद करा

पोल डान्सच्या क्लासला नव्याने जाणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच: पकड बसत नाही, सर्रकन खाली. मी महिनाभर दंडात ताकद नाही म्हणून स्वतःलाच बोल लावत होते. घोळ होता अंघोळीनंतर चोपडलेल्या बॉडी लोशनचा.

१. क्लासच्या आदल्या रात्रीपासून अंगाला तेल, क्रीम, लोशन काही नको. सनस्क्रीनही त्यातच आलं.

२. शॉर्ट्स घाला. संकोच वाटतो, मान्य. पण पोलवर बसताना धरून ठेवते ती मांडीची उघडी कातडी. लेगिंग्ज घातली की घसरगुंडी.

३. आपली पाळी आली की पोल रबिंग अल्कोहोल (औषधाच्या दुकानातलं स्पिरिट) लावलेल्या कापडाने वरून खाली पुसा आणि कोरडा होऊ द्या. क्लासमधले पोल बहुधा ४५ मिलिमीटर जाडीचे असतात, मूठ जेमतेम मिटते. त्यात आधीच्या व्यक्तीचा घाम असेल तर संपलंच. पोल गार लागला तर तळव्यांनी घासून जरा कोमट करा. गार धातूवर कातडी नीट धरत नाही.

४. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा.

तरीही तळवे घामेजत असतील तर लिक्विड चॉक, म्हणजे तळवे कोरडे ठेवणारी पातळ खडूची पेस्ट, वाटाण्याएवढंच. जास्त लावलं तर पोलवर पांढरा थर बसतो आणि पुढचीची बोलणी खावी लागतात.

एक मात्र सांभाळा: चढण्याआधी पोल स्थिर आहे की फिरता, ते हाताने हलवून बघा. स्थिर समजून फिरत्या पोलवर उडी मारली होती मी. गुडघा आठवडाभर निळा होता.