दत्तक कुटुंबांचा आधारगट कसा सुरू करावा आणि कसा चालवावा

मूल घरी आलं की लोक अभिनंदन करतात, ‘फार पुण्याचं काम केलंत’ म्हणतात आणि आपापल्या वाटेने जातात. त्यानंतर दत्तक आईवडिलांना ‘थकलोय’ असं म्हणायची सोयच उरत नाही. ‘इतकी वर्षं वाट पाहिलीत ना, मग आता काय झालं?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी कानात वाजत राहतो. नातेवाइकांपुढे मन मोकळं करावं, तर बोलण्याचा रोख लगेच मुलाकडे वळतो. ‘शेवटी रक्त वेगळं’ हे वाक्य ऐकावं लागेल, या धास्तीने पालक गप्प बसतात. मुलाबद्दलची अडचण सांगूनही मुलावर ठपका येणार नाही अशी जागा मिळावी, यासाठी आधारगट हवा.

तो सुरू करायला नोंदणी, निधी, पदाधिकारी यांतलं काही लागत नाही. चार-पाच कुटुंबं, एक खोली आणि थोडेच पण पक्के नियम पुरतात.

पायरी १ : गट कुणासाठी, ते आधी ठरवा

मूल येण्याची वाट पाहणारे आणि मूल घरी आलेले पालक एकाच वेळी बसले की बैठकीचा तोल जातो. वाट पाहणाऱ्यांचे प्रश्न निकडीचे असतात : अर्ज कुठे अडकला, गृहभेटीला आलेले लोक काय विचारतात, आणखी किती थांबायचं. हे प्रश्न रास्तच आहेत, पण सगळा वेळ तेच खाऊन टाकतात. सहा वर्षांच्या मुलीने काल रात्री विचारलेल्या प्रश्नाने हादरलेली आई मग तोंडच उघडत नाही. त्यामुळे वाट पाहणाऱ्यांसाठी वेगळी बैठक ठेवा, किंवा बैठकीचा पहिला भाग त्यांना द्या आणि ती वेळ पाळा.

मुलांच्या वयानुसार मात्र गट तोडू नका. बाळाच्या आईवडिलांना किशोरवयीन मुलांचे पालक भेटायलाच हवेत. पुढे काय काय येऊ शकतं आणि त्यातून घर कसं सावरतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. एकल पालक, मोठ्या वयाचं मूल घरी आणलेलं कुटुंब आणि घरात जन्मलेलं व दत्तक अशी दोन्ही मुलं असलेलं घर, या सगळ्यांना जागा ठेवा. आजी-आजोबांनाही अधूनमधून बोलवा.

पायरी २ : पहिली कुटुंबं शोधा

दत्तकप्रक्रिया करणारी संस्था, समुपदेशक आणि बालरोगतज्ज्ञ यांच्याकडे अशी कुटुंबं येत असतात. पण त्यांच्याकडे फोन क्रमांकांची यादी मागू नका, आणि कुणी देऊ केली तर घेऊ नका. एक छोटी चिठ्ठी लिहून द्या : गट कशासाठी आहे, कधी भेटतो, संपर्क कुणाशी करायचा. ती ज्याला हवी त्याने घ्यावी आणि स्वतःहून फोन करावा. काही घरांनी दत्तकाची गोष्ट शेजाऱ्यांनाही सांगितलेली नसते. अनोळखी माणसाचा अचानक फोन आला तर त्यांना ती घुसखोरी वाटेल.

संख्या थोडी असू द्या. दीड तासाच्या बैठकीत दहा माणसं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला नऊ मिनिटं येतात. वीस झाली की साडेचारच, आणि तेवढ्यात कुणाचं मन उघडत नाही. बारा-पंधरा जण नियमित येऊ लागले की दोन गट करा.

पायरी ३ : नियम ठरवा, आणि ते दर वेळी वाचा

इथलं बोलणं इथेच राहील, हा पहिला नियम. त्याला एक अपवाद असावा आणि तो पहिल्याच दिवशी सांगून टाकावा : एखाद्या मुलाच्या किंवा मोठ्या माणसाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसायचं नाही.

दुसरा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुलाची पूर्वकथा मुलाच्या मालकीची आहे. ते कुठे सापडलं, जन्मदात्या आईची परिस्थिती काय होती, कागदपत्रांत काय लिहिलंय, हे गटात सांगण्याचा हक्क आपल्याला नाही. आपली भीती, आपला राग, आपली झोपमोड याबद्दल हवं तेवढं बोला. शंका आली तर स्वतःला विचारा : हे मूल पंधरा वर्षांचं झाल्यावर त्याला कळलं, की या खोलीतल्या सगळ्यांना त्याची ही गोष्ट त्याच्या आधीच ठाऊक होती, तर त्याला काय वाटेल? बहुतेक वेळा उत्तर लगेच मिळतं. पालक हे मुद्दाम करत नाहीत. मन भरून आलं की तपशील ओठावर येतात. अशा वेळी सूत्रधाराने, म्हणजे बैठक चालवणाऱ्याने, हळूच थांबवायचं : ‘तुमच्यावर याचा काय परिणाम झाला, ते सांगा.’

व्हॉट्सअ‍ॅप गट फक्त वेळ आणि जागा कळवण्यापुरता ठेवा. तिथे लिहिलेलं एका क्षणात स्क्रीनशॉट होऊन बाहेर जातं. मुलांचे फोटो तिथे नकोत, बैठकीचेही नकोत.

पायरी ४ : पहिली बैठक

खुर्च्या गोल मांडा. मुलांना सोबत आणणार असाल तर त्यांच्यासाठी दुसरी खोली आणि लक्ष द्यायला एक विश्वासू माणूस हवाच. तीन-चार वर्षांचं मूल खेळता खेळताही सगळं ऐकत असतं.

ओळख करून देताना नाव आणि आज कशासाठी आलो, एवढंच पुरे. ‘दत्तक का घेतलंत?’ हा प्रश्न कुणी कुणाला विचारू नये. त्याच्या उत्तरामागे कित्येकदा मूल न होण्याचं, गर्भपातांचं, उपचारांचं मोठं दुःख असतं. ज्याला ते सांगावंसं वाटेल तो आपल्या वेळेने सांगेल.

सूत्रधार दोघे असावेत. एकाने बोलणं सांभाळायचं, दुसऱ्याने घड्याळ आणि गप्प बसलेली माणसं. कुणी अडचण मांडली की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो, म्हणून आधी त्यालाच विचारा : ‘आम्ही नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ या एका प्रश्नाने बैठकीचा सूर बदलतो. सुचवतानाही ‘तुम्ही असं करा’ऐवजी ‘आमच्याकडे असं केलं, तेव्हा असं झालं’ असं बोलावं.

पायरी ५ : बोलायचं कशावर

विषयांची वाण पडत नाही, पण काही विषय मुद्दाम काढावे लागतात, कारण लाजेपोटी ते कुणी काढत नाही.

पहिला विषय आईवडिलांच्या उदासीचा. मूल घरी आल्यावर आनंदाऐवजी रडू येणं, मुलाबद्दल माया न वाटणं, आपण खोटे पालक आहोत असं वाटणं. दत्तकक्षेत्रात काम करणाऱ्या अमेरिकेतल्या जून बाँड यांनी 1995 मध्ये ‘दत्तकानंतरचं नैराश्य’ हे नाव वापरून याकडे लक्ष वेधलं. प्रसूतीनंतरच्या नैराश्याची निदान चौकशी तरी होते, इथे ती कुणी करत नाही. गटात एकीने हे बोलून दाखवलं की दुसऱ्या दोघींचे डोळे भरतात, आणि इतके दिवस मनात धरलेली शरम तिथून उतरायला लागते. माया कधी पहिल्या दिवशी लागते, कधी महिने जातात. उशिरा लागलेली माया कमी अस्सल नसते.

दुसरा विषय, मुलाला सांगण्याचा. लहानपणापासून सांगत आलेल्या घरांनाही सहा ते आठ वर्षांच्या सुमाराला धक्का बसतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉड्झिन्स्की यांच्या अभ्यासातून याचं कारण कळतं : या वयात मुलाची समज वाढते आणि आपण कुणाला तरी मिळालो याचा अर्थ कुणीतरी आपल्याला सोडलं, हे त्याच्या ध्यानात येतं. काल आनंदाने ‘मी दत्तक आहे’ सांगणारं मूल आज चिडचिड करतं किंवा विषयच टाळतं. पालकांना वाटतं, आपलंच सांगणं चुकलं. वास्तविक मूल मोठं होतंय आणि एक खरं दुःख समजून घेतंय. त्याच वेळी शाळेत वंशवृक्ष काढायला किंवा तान्हेपणीचा फोटो आणायला सांगतात. शिक्षकांशी काय बोलायचं, याचा गटात सराव करून पाहा. दोघांनी शिक्षक आणि पालक व्हायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

तिसरा विषय आधीच्या दिवसांच्या खुणांचा. संस्थेत राहून आलेलं मूल उशीखाली खाऊ लपवतं, रात्री दचकून उठतं किंवा कुणाही अनोळखी माणसाच्या कडेवर जातं. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी रुमानियातल्या अनाथालयांतून 1990 नंतर ब्रिटनमध्ये दत्तक आलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. अतिशय हलाखीच्या त्या संस्थांत सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेली मुलं बहुतांशी इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी चांगल्या घरात येऊनही टिकल्या, तरी सुमारे एक पंचमांश मुलांना मोठेपणापर्यंत तशा अडचणी आल्याच नाहीत. सगळ्याचा दोष स्वतःकडे घेणाऱ्या पालकांना हे कळायला हवं. समाजशास्त्रज्ञ एच. डेव्हिड कर्क यांनी 1964 मध्येच मांडलं होतं, की आपलं कुटुंब थोडं वेगळं आहे हे मान्य करणारी घरं मुलाशी जास्त मोकळेपणाने बोलू शकतात. गटात ती मान्यता सोपी होते.

मोठी झालेली दत्तक मुलं-मुली कधी बोलायला तयार झाली तर त्यांचं ऐका. पण त्यांना नमुना म्हणून पुढे बसवू नका आणि ‘तुला खऱ्या आईची आठवण येते का?’ असं विचारू नका. काय सांगायचं ते त्यांनी ठरवायचं. त्यांना आपल्यासारख्यांशी पालकांविना बोलता येईल अशी जागाही हवी.

पायरी ६ : मुलांना भेटू द्या

वर्षातून दोन-तीनदा सगळ्या कुटुंबांनी एकत्र जमावं. कार्यक्रम, भाषणं नकोत. खेळ असावेत. आपल्यासारखी आणखी मुलं आहेत, हे पाहणंच मुलांना पुष्कळ असतं. त्यांना दत्तकाबद्दल बोलायला लावू नका. त्यांची ओळख वाढली की ती आपसांत बोलतात.

पायरी ७ : गटाची मर्यादा ओळखा

मूल स्वतःला इजा करत असेल, कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील, मारहाण होत असेल किंवा आईवडील ‘हे मूल आम्हाला सांभाळता येणार नाही’ म्हणू लागले असतील, तर ते प्रकरण गटापुरतं ठेवू नका. दत्तकाची समज असलेले समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांची यादी सूत्रधाराकडे आधीपासून तयार असावी. त्या कुटुंबासोबत कुणीतरी पहिल्या भेटीला जावं. तज्ज्ञांना गटात बोलवायचं तर क्वचितच बोलवा, कारण व्याख्यानं वाढली की माणसं नुसती ऐकू लागतात.

पायरी ८ : गट टिकवा

दिवस ठरलेला असू द्या, महिन्याचा दुसरा शनिवार म्हटलं की दुसरा शनिवारच. दोघेच आले तरी बैठक घ्या. सूत्रधार वर्षाने बदला. एकाच माणसावर गट उभा राहिला की तो दमला की गटही बसतो. कुणी यायचं थांबलं तर एकदा फोन करा. बरं चाललं असेल तर आनंदाने जाऊ द्या. आवाज जड वाटला तर ‘पुढच्या वेळी मी घ्यायला येऊ का?’ असं विचारा.