पावरलूमवर कान गेले असतील तर रोजचं कसं निभवायचं

आवाज येतो पण शब्द कळत नाही, बायको हळू बोलायली असं वाटतं, टीव्ही वाढवला की घरातले सगळे ओरडतात. हे तुमच्या घरी चालू असेल आणि तुम्ही सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत नाहीतर साखर पेठ, अशोक चौक, विडी घरकुल साईडच्या कुठल्यापण शेडमध्ये वर्षानुवर्षं माग चालवला असेल, तर हे वयामुळं आहे म्हणून सोडून देऊ नका. मी पण जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणूनच आयुष्य काढलंय, दोन्ही कानाला मशीन आहे, त्यामुळं जे लिहितोय ते वापरून बघितलेलं आहे.

आधी झालंय काय ते थोडक्यात. आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात, टेरी टॉवेलच्या लूपसारख्या उभ्या, आणि रोजच्या दणक्यानं त्या दबत दबत मरतात, परत उगवत नाहीत. शटलच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात सहज जातो. कारखान्याच्या नियमात आठ तासाला ९० ची मर्यादा आहे, तज्ज्ञ लोक ८५ च धरतात, आणि दर ३ डेसिबल वाढले की चालणारा वेळ निम्मा करतात, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. आपली पाळी आठ तासाची असो का बारा, हिशोब तुम्हीच करा.

पहिला मार बारीक, उंच आवाजांवर बसतो. म्हणून स, श, फ, थ असली अक्षरं आधी गळतात, आणि बायकांचा नि लहान पोरांचा आवाज जास्त अवघड जातो. सुताच्या दुकानात समोरचा साठ म्हणतो आणि आपल्याला आठ ऐकू येतं, असला घोळ. आणि एक गोष्ट घरातल्यांना मुद्दाम सांगा, की हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि जोरात बोललं तर कान फाटतो, हे नाटक नाही, या त्रासात असंच होतं, मधली जागाच कमी होते. ‘आत्ता ऐकू येत नव्हतं, आता म्हणतोय वरडायलास कशाला’ हे भांडण निम्म्या घरात आहे.

तपासणी करा, पण नीट करा. सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा ओपीडीत जा, नाहीतर पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर त्यांच्याकडं. जाताना पाळी करून थेट जाऊ नका, कान थकलेले असले की रिपोर्ट खरा येत नाही, सुट्टीचा दिवस आवाजापासून लांब काढून दुसऱ्या दिवशी सकाळी जावा. डॉक्टर आधी मळ बघतील, तो निघाल्यावर निम्मा प्रश्न सुटलेले पण लोक आहेत. मग बंद खोलीत हेडफोन लावून ऑडिओमेट्री होते. कागदावर जो ग्राफ मिळतो त्यात ३००० ते ६००० हर्ट्झमध्ये, बहुतेक वेळा ४००० पाशी, खड्डा पडलेला आणि ८००० ला रेघ परत थोडी वर आलेली दिसली तर ती आवाजाच्या माराची खूण. जुन्या केसमध्ये मात्र खड्डा पसरत जातो, मग वयाचं काय आणि मागाचं काय हे वेगळं काढणं अवघड, म्हणून शेड, वर्षं, मागाचा प्रकार हे सगळं डॉक्टरला स्वतःहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. शब्द ऐकवून पण एक टेस्ट घेतात. आपल्याकडं कितीतरी घरात तेलगू बोलतात, कुठं कन्नड, तर ती शब्दांची टेस्ट शक्यतो आपल्या भाषेत घ्या म्हणून सांगायला लाजू नका, नाहीतर कानाऐवजी मराठीचाच पेपर व्हायचा.

दोन गोष्टींना मात्र थांबू नका. एक, एका कानाचं ऐकू येणं अचानक, एक-दोन दिवसात गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यावर लवकर औषध सुरू झालं तर फरक पडू शकतो. दोन, एकच कान जास्त खराब असेल नाहीतर चक्कर येत असेल. मागाच्या आवाजानं साधारण दोन्ही कान सारखेच जातात, त्यामुळं एकच कान गेला तर कारण वेगळं असू शकतं. लसणाचं तेल, गरम तेल, कोणाचं काय काय, ते कानात टाकणं पूर्ण बंद. पडद्याला भोक असेल तर वाट लागते.

आता मशीन. ऑनलाईन पाचशे-हजाराला जे मिळतं ते सगळाच आवाज वाढवतं, भांड्याचा पण आणि माणसाचा पण, त्याच्या नादाला लागू नका. आपल्याला खालचे जाड आवाज बऱ्यापैकी येतात, वरचेच येत नाहीत, त्यामुळं ग्राफ बघून तेवढेच वाढवणारी डिजिटल मशीन लागते आणि तिच्या कानात जाणाऱ्या टोकाला कान पूर्ण बंद न करणारी टोपी लागते, नाहीतर स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. दोन्ही कानाला घेता आली तर दोन्ही घ्या. ट्रायल मागा आणि ट्रायलला दुकानातल्या शांत केबिनमध्ये हो म्हणू नका, मधला मारुतीच्या गर्दीत फिरून या, मग बोला.

पहिले काही आठवडे डोकं उठतं. पंख्याची घरघर, पेपरचं पान, चप्पल, सगळं अंगावर येतं कारण मेंदू ते विसरलेला असतो. घरात रोज थोडा थोडा वेळ लावा, वाढवत जा, आणि त्रास होतोय म्हणून कपाटात ठेवण्यापेक्षा परत जाऊन सेटिंग बदलून घ्या, दोन-तीन चकरा सगळ्यांच्याच होतात. एकदम पंचवीशीतला कान परत मिळेल अशी अपेक्षा ठेवली तर मात्र पैसे वाया गेले असंच वाटणार. सेलवाली मशीन असेल तर सेलचं स्टिकर काढल्यावर एखादा मिनिट तसाच ठेवून मग घाला, त्याला हवा लागते. रात्री सेलचं दार उघडं ठेवा. आपल्याकडं एप्रिल-मेचा घाम म्हणजे मशीनचा शत्रू, पुसून सिलिका जेलच्या डबीत ठेवा, आणि उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत कधीच विसरू नका. शेडमध्ये अजून जात असाल तर मशीन घालून जाऊ नका, एक तर दणका अजून वाढून आत जातो आणि दुसरं म्हणजे उडणारी रुई माईकच्या भोकात बसते. आवाज दबल्यासारखा वाटला की आधी कोरड्या बारीक ब्रशनं ते भोक साफ करा, निम्म्या वेळा तेवढ्यावरच भागतं.

पण खरं सांगायचं तर मशीनपेक्षा जास्त काम आपली जुनी सवय करते. शेडमध्ये आपण कधी ऐकून बोललोच नाही, ओठ बघायचे, हाताच्या खुणा करायच्या, बीम संपलं, कांडी दे, चहा आला, सगळं खुणेवर. ही कला अंगात आहे, फक्त घरी वापरायची लाज वाटते. वापरा की. घरच्यांना सांगून ठेवा, स्वयंपाकघरातून हाक मारून बोलायचं नाही, समोर यायचं, आधी नाव घ्यायचं, उजेड तोंडावर पडेल असं उभं राहायचं, आणि कळलं नाही तर तेच वाक्य परत ओरडायचं नाही, शब्द बदलून सांगायचं. मार्चपासून कुलर चालू होतो, त्याच्या शेजारी बसून गप्पा मारायला गेलात तर चांगल्या कानाला पण काही कळत नाही, महत्त्वाचं बोलायचं असेल तर दोन मिनिटं बंद करा. मंगल कार्यालयात भिंतीला पाठ करून बसा, स्पीकरपासून लांब. आणि न कळता ‘हो हो’ म्हणणं सोडा. रेट, तारीख, गोळीचं प्रमाण असलं काही असेल तर आपण ऐकलेलं परत म्हणून दाखवा, ‘साठ ना? सहावर शून्य?’ असं. ‘काय बे बहिऱ्या’ म्हणणारे चार भेटतात, त्यांना म्हणू द्या.

फोनवर ओठ दिसत नाहीत म्हणून व्हिडिओ कॉल बरा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. गूगलचं लाईव्ह ट्रान्सक्राइब अ‍ॅप फुकट आहे, समोरचा बोलेल ते मराठीत स्क्रीनवर उमटतं, चुका करतं पण बँकेत, दवाखान्यात कामाला येतं. टू-व्हीलरला दोन्ही आरसे पाहिजेतच, मागून आलेला हॉर्न कुठल्या बाजूचा ते कळत नाही आपल्याला.

कानात सूं आवाज चालू असतो त्याला पूर्ण घालवणारी गोळी नाही, कोण देतो म्हणाला तर पैसे जपा. शांततेत तो जास्त वाटतो, म्हणून झोपताना पंखा नाहीतर बारीक आवाजात रेडिओ असू द्या. मशीन लावली की बऱ्याच जणांचा दिवसाचा त्रास कमी होतो.

कागदांचं बघा. कामाच्या आवाजानं ऐकू कमी येणं हा कायद्याच्या यादीतला कामाचा आजार आहे, ईएसआय असेल तर अपंगत्व लाभाचा अर्ज करता येतो, पण नोकरीचा पुरावा लागतो, आणि छोट्या कारखान्यात तोच नसतो, म्हणून ईएसआय नंबर, पगाराची चिठ्ठी, हजेरी, जे मिळेल ते आत्ताच फोटो काढून ठेवा. नुकसान ४० टक्के किंवा जास्त भरलं तर यूडीआयडी कार्डचे, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचे, फायदे मिळतात. केंद्राच्या एडिप योजनेत कमी उत्पन्नवाल्यांना मशीन मिळते, कॅम्पची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा दिव्यांग कक्षात करा.

आणि जो कान उरलाय तो सांभाळा. कापसाचा बोळा काही कामाचा नाही, आवाज त्यातून आरामात जातो. फोमचे प्लग स्वस्त असतात, पण घालायची पद्धत पाहिजे: हात स्वच्छ धुवा, बोटांत चोळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर नि मागं ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. बाहेर अर्धा लोंबत असेल तर बसला नाही, काढून परत घाला. मळला नाहीतर कडक झाला की फेकून द्या. डॉल्बीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या पोरांच्या खिशात पण एक जोडी टाका.