लिनोकट: पहिले मुद्राचित्र कसे करावे

काष्ठठसा, धातूच्या पत्र्यावरचे अम्लरेखन, शिळाछाप अशा मुद्राचित्रणाच्या, म्हणजे ठशावरून चित्र छापण्याच्या, अनेक पद्धती असल्या, तरी नवशिक्याने लिनोकटपासूनच, म्हणजे लिनोलियमवर (थोडक्यात लिनोवर) चित्र कोरून छापण्यापासूनच, सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांपासून बनवलेल्या, पाठीला तागाचे कापड असलेल्या लिनोलियममध्ये लाकडासारखे तंतू नसल्यामुळे कोरणी कोणत्याही दिशेने सारखीच चालते, आणि छापायला यंत्रही लागत नाही.

कोरण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी: जे कोरून काढले ते कागदावर पांढरे राहते, जे उरते त्यालाच शाई लागते. दांडीयात्रेच्या वर्षी, १९३० मध्ये, चित्रकार नंदलाल बोस यांनी केलेले ‘बापूजी’ हे लिनोकट यासाठी बारकाईने पाहावे. काळ्या पार्श्वभूमीवर काठी घेऊन निघालेले गांधीजी मोजक्या पांढऱ्या रेषांत उभे राहतात, आणि त्यातली प्रत्येक रेषा म्हणजे काढून टाकलेला लिनो आहे.

चित्र कागदावर काढून कार्बन कागदाने लिनोवर उलटे उतरवावे. अक्षरे असतील तर हे विसरून चालत नाही. लिनो कडक वाटल्यास थोडा वेळ उन्हात ठेवावा. बारीक रेषांसाठी ‘व्ही’ आकाराची आणि मोठी जागा मोकळी करण्यासाठी ‘यू’ आकाराची कोरणी घ्यावी. लिनो धरणारा हात नेहमी कोरणीच्या मागे असावा आणि वळणावर हातापेक्षा लिनोच फिरवावा. कापडापर्यंत खोल जाण्याची गरज नसते.

छापण्यासाठी काचेवर थोडी शाई घेऊन ती रबरी रुळाने पातळ पसरवावी. शाई जाड झाली की बारीक रेषा बुजतात. म्हणून एकदाच भरपूर लावण्यापेक्षा पातळ थर दोन-तीनदा, वेगवेगळ्या दिशांनी द्यावा. त्यावर पातळ, गुळगुळीत कागद अलगद ठेवून लाकडी चमच्याच्या पाठीने मध्यापासून कडेकडे घासावे. मग एक कोपरा उचलून पाहावा. छाप फिका असल्यास कागद न सरकवता तिथेच पुन्हा घासता येते.

पहिला छाप हा तपासणीचाच असतो. त्यात नको तिथे उमटलेली शाई दिसली की तेवढा भाग आणखी कोरावा. मात्र एकदा कोरलेले परत भरता येत नाही, म्हणून घाई करू नये. समाधान झाल्यावर ठरवलेल्या प्रती काढून, त्या वाळल्यावर प्रत्येकीखाली पेन्सिलीने ३/१० अशा पद्धतीने, म्हणजे दहांपैकी तिसरी, असा क्रमांक घालून सही करावी.