आतड्याचं ऑपरेशन करून घरी आल्यावर: पाणी, पिशवी, टाके आणि रात्री डॉक्टरला कधी फोन करायचा

हॉस्पिटलमधून सुटी मिळाली की घरातले सगळे हुश्श करतात पण खरं काम तिथून पुढे असतं, कारण घरी सिस्टर नसते, सलाइन नसतं, आणि सल्ला देणारे मात्र पोत्याने असतात. आमच्या सासऱ्यांचं आतड्याचं ऑपरेशन ऐन मे महिन्यात झालं, इंदूरचा पारा चाळिशीच्या वर, आणि पोटाला पिशवी म्हणजे इलिओस्टॉमी. त्या काळात डॉक्टरांकडून, स्टोमा सिस्टरकडून (स्टोमा म्हणजे पोटावर बाहेर आणलेलं आतड्याचं तोंड) जे शिकले ते इथे लिहितेय. डॉक्टरऐवजी हे वाचू नका, डॉक्टरला नेमकं काय विचारायचं आणि कधी धावायचं ते कळावं म्हणून वाचा.

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत एक गोष्ट राहते, ती म्हणजे नेमका कुठला भाग काढला आणि काय जोडलं हे विचारणं. लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणून पिशवी लावली असेल तर ती इलिओस्टॉमी, बहुतेक उजव्या बाजूला, माल पातळ येतो. मोठ्या आतड्याचं तोंड बाहेर आणलं असेल तर कोलोस्टॉमी, बहुतेक डावीकडे, माल घट्टसर. पिशवी नाही, नुसतं जोडलंय, तर आतली जोड किती दिवसांची आहे हे महत्त्वाचं. आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग जास्त कापला असेल तर पुढे बी-12 कमी पडू शकतं, पित्त मोठ्या आतड्यात उतरून जुलाब होऊ शकतात, दोन्हीवर औषध आहे पण कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. हे सगळं डॉक्टरांकडून साध्या कागदावर लिहून घ्या, डिस्चार्ज समरीतलं अक्षर आपल्याला कळत नाही.

मग एक वही करा. सकाळी उठल्यावर वजन, ताप, नाडी, दिवसभरात प्यायलं किती, पिशवीतून निघालं किती, लघवी किती. एक मापाचा प्लॅस्टिकचा मग फक्त याच कामाला ठेवा आणि घरातल्यांना बजावून सांगा की हा मग दुसऱ्या कशाला घ्यायचा नाही (आमच्याकडे तरी एकदा कामवाल्या बाईने त्यात पोछ्याचं पाणी घेतलं, असो). लोकांना वाटतं हा अतिरेक आहे, पण डॉक्टर फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात की चोवीस तासांत किती निघालं, आणि "बरंच" या उत्तरावर त्यांना काहीच करता येत नाही.

आता पाण्याचं, यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. इलिओस्टॉमीवाल्याला घरी आल्यावर पुन्हा ॲडमिट व्हायला लागतं ते बऱ्याचदा शरीरातलं पाणी कमी झाल्याने, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. मोठं आतडं रोज साधारण लिटर-दीड लिटर पाणी आणि मीठ परत शोषून घेतं, ते काम आता बंद. सेटल झाल्यावर पिशवीत दिवसाला साधारण 500 ते 1000 मिलि येतं ते ठीक, 1500 च्या वर गेलं तर ती हाय आउटपुट म्हणायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, उद्या बघू नाही. उठून उभं राहिल्यावर चक्कर, तोंड कोरडं, पायात गोळे, लघवी गडद आणि थोडी, वजन दोन दिवसांत उतरलेलं, ही लक्षणं वहीत लगेच दिसतात. दुर्लक्ष केलं तर किडनीवर ताण येतो, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढतं.

आणि गंमत अशी की अशा वेळी सगळे एकच सांगतात, खूब पानी पिलाओ भाभी. शेजारच्या चाचीजी, सासरच्या आत्या, लिफ्टमधले अंकल, सगळे. पण इथे साधं पाणी जास्त पाजलं की उलटं होतं. लहान आतड्याच्या वरच्या भागात बिनमिठाचं पाणी गेलं की शरीरातलं मीठ त्या पाण्यात उतरतं आणि मागोमाग पाणीही, मग पिशवी अजून भरते, अजून तहान लागते, आणि माणूस अजून पाणी पितो. म्हणजे पाणी पिऊन पिऊन सुकतो. साखर आणि मीठ बरोबर प्रमाणात एकत्र असले तरच आतडं ते दोन्ही ओढून घेतं आणि पाणीही आत येतं. म्हणून हाय आउटपुट असेल तेव्हा साधं पाणी, चहा, सरबत, नारळपाणी हे सगळं मिळून डॉक्टर सांगतील तेवढंच, सहसा अर्धा ते एक लिटर, आणि बाकी तहान ओआरएसने भागवायची. नारळपाणी चांगलंच असतं पण त्यात पोटॅशियम जास्त नि सोडियम कमी, त्यामुळे ते ओआरएसची जागा घेत नाही. आपली इंदूरची दुकानातली शिकंजी तर दूध-साखर-मेवा, तिचा तर विचारच नको.

ओआरएस घेताना पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा, मोठी पुडी एक लिटरला आणि छोटी 200 मिलिला असते, अर्धी पुडी अंदाजाने टाकू नका. ओआरएस नाव लावलेली गोड टेट्रापॅक ज्यूसं बरीच वर्षं विकली गेली, त्यात साखर भरपूर नि मीठ कमी, 2025 मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) असं नाव लावायला मनाई केली तरी जुना माल हातात आला तर मागची बाजू वाचून घ्या. काही डॉक्टर जास्त मिठाचं मिश्रण सांगतात, लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलचं म्हणून ते ओळखलं जातं: एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज पावडर, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. हे चमच्याने नाही, छोट्या वजनकाट्यावर मोजा, कारण चमच्याचं प्रत्येकाचं माप वेगळं. चव खारट लागते, फ्रिजमध्ये गार करून स्ट्रॉने थोडं थोडं घोट घोट दिलं तर पेशंट घेतो, चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाका. हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय यातलं काहीही नाही. आणि बीपीची गोळी चालू असेल, विशेषतः लघवी जास्त होणारी, तर ती पाणी कमी झालेल्या दिवसांत चालू ठेवायची का हे मुद्दाम विचारा, स्वतःहून बंद करू नका. सासऱ्यांना वर्षानुवर्षं "मीठ कमी" सांगितलेलं, आता डॉक्टर म्हणाले दहीभातात मीठ घाला, पापड खा, ते बिचारे गोंधळून गेले.

आतडं हळू चालावं म्हणून लोपेरामाइड देतात, ती साधारण जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. पण ताप असेल, माल अचानक बदलला असेल तर आधी इन्फेक्शन नाही ना ते बघतात, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून सुरू करू नका. अजून एक, पिशवीत गोळ्या जशाच्या तशा दिसल्या तर डॉक्टरला सांगा, आवरण असलेल्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या अंगाला न लागताच निघून जातात, मग वेगळ्या प्रकारची देतात.

खाण्याचं म्हणाल तर पहिले सहा-आठ आठवडे कमी चोथ्याचं, दहीभात, मऊ खिचडी, उकडलेला बटाटा, केळं, पांढरा ब्रेड, साबुदाणा चालतो पण शेंगदाणे काढून. पोहे इंदूरच्या माणसाला तोडता येत नाहीत हे मला मान्य आहे, मऊ करून द्या पण वरचा कच्चा कांदा, खोबरं, शेंगदाणे, शेव नको, आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) नंतर, पोट शांत झाल्यावर चिमूटभर. भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा पदार्थ) मात्र नको. मका, खोबरं, मशरूम, सुका मेवा, मेथीच्या काड्या, संत्र्याच्या फोडीची साल, हे सगळे स्टोमाच्या तोंडाशी अडकणारे पदार्थ. सराफ्याचा खाऊबाजार कुठे पळून जात नाही.

अडकलं हे कसं ओळखायचं तर चार-सहा तास पिशवीत काहीच नाही, किंवा नुसतं पाण्यासारखं फुसकन येतंय, पोटात कळा, पोट फुगलेलं, मळमळ. उलटी नसेल तर तेव्हा घट्ट खाणं पूर्ण बंद, स्टोमा सुजलेला असेल तर मोठं भोक कापलेली पिशवी लावा, गुडघे छातीशी घेऊन कुशीवर झोपवा, कोमट पाण्याची पिशवी, पोटावर हलका हात फिरवा, थोडं चाला. जुलाब व्हायचं औषध, एरंडेल अजिबात नाही. उलटी सुरू झाली किंवा तरीही काही तासांत मोकळं झालं नाही तर कॅज्युअल्टी. पिशवी नसलेल्या पेशंटला हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो, वारा सरतोय का? आपल्याकडे लाजतात पण डॉक्टरला सगळ्यात आधी तेच हवं असतं. वारा सरत नसेल तर आतडं झोपलेलं राहतं, पोट ढोलासारखं, हिरवट उलटी. त्यावर चालणं, च्युइंगम चघळणं याने मदत होते, आणि दुखण्याच्या काही गोळ्या (ट्रामाडॉल वगैरे) आतडं अजून मंद करतात, तेव्हा कोणती गोळी चालू आहे ते फोनवर सांगा.

सगळ्यात घाबरायची गोष्ट म्हणजे आतली जोड सुटणं. बहुतेकदा पहिल्या आठवड्यात कळतं, पण दुसऱ्या आठवड्यात, घरी आल्यावरही होतं. यात सुरुवातीला ताप नसतो कधीकधी, नुसती नाडी वेगाने चालते, माणूस अस्वस्थ, पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाते, जेवावंसं वाटत नाही, खांदा दुखतो, लघवी कमी. काल बरा होता आणि आज जरा उतरलाय असं वाटलं तरी वाट बघू नका, नाडी मोजा, आणि कारण नसताना ती 100 च्या वर टिकून असेल तर फोन करा. गॅस झाला असेल म्हणून हिंग-ओवा देत बसायची ही वेळ नाही.

टाके: लाली वाढत जाणं, गरम, पू, वास, ताप, हे इन्फेक्शन, ड्रेसिंगला दाखवा. पण अचानक गुलाबीसर पाणी भळकन आलं तर वेगळं, आतला थर उघडत असू शकतो. झोपवा, स्वच्छ कपडा सलाइनने ओला करून झाका, काही बाहेर दिसत असेल तर आत ढकलू नका, खायला प्यायला काही देऊ नका आणि 108 ला फोन. खोकला आला, शिंक आली की पोटावर उशी घट्ट दाबून धरायची, आणि सहा आठवडे चार-पाच किलोच्या वरचं काही उचलायचं नाही, पाण्याची बादली सुद्धा, नातू सुद्धा.

एका पायाची पोटरी सुजली, दुखली, तर चेपून देऊ नका. आपल्याकडे पाय चेपणं म्हणजे सेवा, पण आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून छातीत जाऊ शकते. कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर पोटात टोचायची रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं घरी 28 दिवसांपर्यंत देतात, ती मध्येच सोडू नका. धाप लागली, छातीत दुखलं तर सरळ हॉस्पिटल.

पिशवीखालची कातडी ही रोजची डोकेदुखी. जळजळ होते कारण भोक मोठं कापलेलं असतं नि माल कातडीवर बसतो. स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं, त्याहून जास्त नाही, आणि स्टोमा पहिले सहा-आठ आठवडे आकसत जातो म्हणून दर वेळी मापून कापा. एक तृतीयांश भरली की रिकामी करा, सकाळी उपाशीपोटी बदला तेव्हा माल कमी असतो. कोमट पाण्याने पुसा, तेल, क्रीम, सुगंधी पावडर नको नाहीतर चिकटणार नाही, ओली लाल कातडी असेल तर स्टोमा पावडर. पुसताना थोडंसं रक्त येतं ते चालतं. स्टोमा लाल-गुलाबीच हवा, जांभळा काळा पडला तर त्या क्षणी निघायचं. इंदूरला आरएनटी मार्गच्या दवा बाजारात सर्जिकलच्या दुकानांत पिशव्या, पेस्ट, पावडर सगळं मिळतं, सिस्टरने सांगितलेल्या मापाचा रिकामा डबा सोबत न्या, आणि येताना स्कूटरच्या डिक्कीत उन्हात तासभर ठेवू नका, गोंद वितळतो.

स्टोमा परत आत घालून पिशवी काढल्यावर किंवा गुदद्वाराजवळचं ऑपरेशन असल्यावर संडासला दहा वेळा, थांबवता न येणं, एकदा जाऊन आल्यावर परत, हे महिनोन्महिने चालतं. त्याला उपाय आहेत, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, औषधं, धुऊन कोरडं करून झिंक ऑक्साइडचं मलम. लाजून घरात बसलेले लोक मला माहिती आहेत, त्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं.

रात्री फोन करायची वेळ आली तर वही समोर घ्या आणि एका दमात सांगा: कुठलं ऑपरेशन, कधी झालं, पिशवी आहे की नाही, ताप किती, नाडी किती, चोवीस तासांत पिशवीत किती, लघवी किती, उलटी किती वेळा, शेवटचं काय खाल्लं, कुठली औषधं चालू. उचलणारा ज्युनिअर डॉक्टर असतो, झोपेतून उठलेला, त्याला हे मिळालं की तो लगेच सांगू शकतो या की थांबा. "बाबांना बरं वाटत नाहीये" एवढंच सांगितलं तर तो सकाळी ओपीडीत या म्हणणार. निघायचं ठरलं तर फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं, एक जादा पिशवी नि कात्री एका थैलीत भरून दाराशी ठेवलेली बरी, कारण एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल) असो की खासगी, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तुमच्या मापाची पिशवी मिळेलच असं नाही.