पाणीवापर कार्यक्षमता काढताय? आकडा फुगला तर आधी छेद बघा

माणदेशासाठी या कार्यक्षमतेचा नकाशा तयार होतो आणि एप्रिल-मेमध्ये उघडे माळच सगळ्यांत ‘कार्यक्षम’ दिसू लागतात. वाळलेलं कुसळी गवत म्हणे उसापेक्षा हुशार! असं दिसलं की गवताचं कौतुक थांबवा, गणित तपासा.

झाडोऱ्याने बांधलेला कार्बन (जीपीपी) भागिले जमिनीतून आणि पानांतून उडालेलं पाणी (ईटी), हे गुणोत्तर म्हणजेच पाणीवापर कार्यक्षमता. कोरड्या भागात उन्हाळ्यात ईटी शून्याजवळ जातं आणि भागाकार उसळतो. समजा, पावसाळ्यातल्या आठ दिवसांत चौरस मीटरला ३० ग्रॅम कार्बन आणि १५ मिमी पाणी, गुणोत्तर २. मे महिन्यात ४ ग्रॅम आणि ०.५ मिमी, गुणोत्तर ८. दोन्हींची सरासरी ५ येते, पण ३४ भागिले १५.५ केलं तर जेमतेम २.२. म्हणून वर्षाचा आकडा बेरजांच्या भागाकारातूनच काढा. आणि आपल्याकडे वर्ष जून ते मे धरा, नाहीतर रब्बीची ज्वारी दोन वर्षांत फाटते.

दुसरी चूक साधी, पण हमखास होणारी. हे दोन्ही आकडे बहुधा मोडिस या उपग्रहावरच्या संवेदकाच्या माहितीतून, आठ-आठ दिवसांच्या टप्प्यांत घेतले जातात. त्यातल्या ईटीला ०.१ ने आणि जीपीपीला ०.०००१ ने गुणायचं असतं. ३२७६१ ते ३२७६७ हे आकडे पाणी नव्हेत. पडीक, शहर, जलाशय अशा जागांचे ते संकेतांक, ते आधी गाळा. डिसेंबरअखेरचा टप्पा पाच दिवसांचा असतो, लीप वर्षी सहा. त्याला आठने भागू नका.

खरी अडचण बागायतीत. मोडिसचं ईटी जमिनीचं तापमान वापरत नाही, मातीची ओल हवेच्या आर्द्रतेवरून ताडतं. कालव्यावरचा ऊस किंवा ठिबकवरचं डाळिंब त्याला कोरडवाहूसारखंच वाटू शकतं. जीपीपीच्या बाजूला ऊस, ज्वारी आणि हरभरा यांना ‘शेती’ म्हणून एकच प्रकाशवापर क्षमता (मिळालेल्या प्रकाशात किती कार्बन बांधला जातो) दिलेली असते, जरी पहिली दोन सी४ पिकं, म्हणजे वेगळ्या आणि उन्हात जास्त कार्यक्षम पद्धतीने कार्बन बांधणारी, असली तरी. म्हणजे अंश आणि छेद दोन्ही डळमळीत. उसाच्या पट्ट्याची माळाशी तुलना या जोडीवर मी तरी करणार नाही.

पहिल्या वळवानंतर गुणोत्तर एकदम पडतं आणि अहवालात ‘वनस्पतींवर ताण’ असं लिहिलं जातं. तेव्हा बहुतेक पाणी उघड्या मातीतूनच उडत असतं, पालवी अजून फुटायची असते. पीएमएल-व्ही२ सारख्या उपग्रहाधारित माहितीसंचात मातीचं बाष्पीभवन आणि पानांचं बाष्पोत्सर्जन वेगळं मिळतं. छेदात फक्त बाष्पोत्सर्जन घेऊन पुन्हा भागा. घसरण गेली, तर ताण झाडांचा नव्हता.