ऑफिसात व्हीडीआय आणताय? या चुका टाळा

व्हीडीआय (व्हर्च्युअल डेस्कटॉप इन्फ्रास्ट्रक्चर) म्हणजे खरं विंडोज सर्व्हरवर चालवायचं आणि टेबलावरच्या यंत्राकडे फक्त स्क्रीन, कीबोर्ड, माउस एवढंच ठेवायचं. डेमोत हे नेहमी झकास चालतं, कारण डेमोला एकच जण लॉगिन करतो. खरी परीक्षा सोमवारी सकाळी साडेनऊला.

मी सांभाळत होतो त्या एका ऑफिसात चाळीस जण होते. सगळे एकदम बसायचे, स्क्रीनवर 'वेलकम' आणि फिरतं वर्तुळ. चहा पिऊन परत आले तरी वर्तुळ फिरतंच आहे! साहेबांनी रॅम दुप्पट केली, फरक शून्य. टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर रॅम निम्मी रिकामी आणि डिस्क १०० टक्क्यांवर. ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम ७५ ते १०० वेळा वाचन-लेखन करते, त्यात चाळीस विंडोज वाटेकरी. म्हणून पैसे आधी एसएसडीवर घाला, मग रॅमवर. व्हीएमही (सर्व्हरवर चालणारे प्रत्येकाचे आभासी संगणक) लोक यायच्या आधी टप्प्याटप्प्याने चालू होतील असं वेळापत्रक लावा.

दुसरा फोन ठरलेला असतो: "सर, माझ्या सगळ्या फाइल्स गेल्या!" बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. एफएसलॉजिक्स (मायक्रोसॉफ्टचं प्रोफाइल सांभाळणारं साधन) वापरत असाल तर प्रत्येकाचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या फाइल्स आणि सेटिंग्ज, फाइल सर्व्हरवर एका व्हीएचडीएक्स (आभासी डिस्कच्या) फाइलीत असतं. आदल्या संध्याकाळी कोणी लॉगऑफ न करता नुसती खिडकी बंद केली, की ती फाइल जुन्या सेशनकडे अडकून राहते. सकाळी तोच माणूस दुसऱ्या सर्व्हरवर गेला, की त्याला तात्पुरतं कोरं प्रोफाइल मिळू शकतं. फाइल सर्व्हरवर 'ओपन फाइल्स'मध्ये ती कोणी धरून ठेवलीय ते बघा आणि ते जुनं सेशन रीतसर लॉगऑफ करा. 'प्रिव्हेंट लॉगिन विथ टेम्प प्रोफाइल' ही सेटिंग १ करून ठेवाच. लॉगिन अडलेलं परवडलं, पण कोऱ्या प्रोफाइलवर केलेलं दिवसभराचं काम उडालेलं नाही परवडत. अँटिव्हायरसच्या तपासणीतून या व्हीएचडीएक्स फाइली वगळायलाही विसरू नका.

आता कुठलं सॉफ्टवेअर? इथली चूक म्हणजे सर्वात मोठं नाव घेणं. सिट्रिक्सची खरी ताकद कमकुवत लाइनवरही कामचलाऊ स्क्रीन देण्यात आहे. शाखा विखुरलेल्या असतील तर त्याचे पैसे वसूल होतात. व्हीएमवेअरचं होरायझन २०२४ पासून ऑम्निसा या वेगळ्या कंपनीकडे आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनवर विसंबू नका. पुण्याच्या ॲकॉप्सचं हायवर्क्सही यादीत धरा. आणि पन्नासच्या आत माणसं, काम टॅली, एक्सेल आणि ब्राउझर, तर माझ्या मते विंडोज सर्व्हरचं साधं आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) पुरतं. काटेकोरपणे ते व्हीडीआय नव्हे, एकाच सर्व्हरवर अनेकांची सेशन्स. पण टॅलीला त्याचं काय!

मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जायचं तर विंडोज ३६५ चं भाडं माणशी दरमहा ठरलेलं, ॲझुर व्हर्चुअल डेस्कटॉपचं बिल व्हीएम चालेल तसं. या दुसऱ्यात एक खाच आहे. विंडोजच्या आतून 'शटडाउन' केलं की व्हीएम बंद दिसते, पण बिल चालूच राहतं. पोर्टलवरून थांबवून 'डीॲलोकेटेड' दिसलं, तरच कंप्युटचं (व्हीएम चालवण्याचं) मीटर थांबतं. डिस्कचं भाडं तरीही लागतंच. रीजन (क्लाउडचे सर्व्हर कुठल्या ठिकाणचे घ्यायचे ते) निवडताना मात्र फार डोकं चालवू नका. ॲझुरचं सेंट्रल इंडिया पुण्यातच आहे.

लायसन्सचा फटका उशिरा बसतो. आरडीएस कॅल (वापरणाऱ्यांसाठीचं लायसन्स) न घेताही १२० दिवस सगळं सुरळीत चालतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. १२१ व्या दिवशी दारच बंद. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या लायसन्सचंही तसंच. सामायिक सर्व्हरवर लागणारं 'शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन' मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही, प्रीमियममध्ये आहे.

आणि डीएससी, म्हणजे यूएसबी टोकनमधली डिजिटल सही. जीएसटी भरणाऱ्या बऱ्याच ऑफिसांची ही डोकेदुखी. टोकन सर्व्हरच्या यूएसबीत खोचून ठेवतात आणि रिमोटमधून ते दिसत नाही म्हणून ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. हे टोकन विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्ड असतं, आणि आरडीपी (रिमोट डेस्कटॉपचं) सेशन स्मार्ट कार्ड तुमच्या समोरच्या यंत्रावर शोधतं, सर्व्हरवर नाही. टोकन आपल्या टेबलावरच्या यंत्रात लावा, कनेक्शनच्या 'लोकल रिसोर्सेस'मध्ये स्मार्ट कार्डवर टिक करा, टोकनचा ड्रायव्हर सर्व्हरवर ठेवा. एवढं करूनही एकाला सही जमते आणि शेजारच्याला नाही, असं झालं तर एमसायनर (जीएसटी पोर्टलवर सही करून देणारं सॉफ्टवेअर) बघा. तो १५८५ हा पोर्ट (संगणकावरचा संपर्काचा क्रमांक) धरतो आणि एका सर्व्हरवर तो पोर्ट एकालाच मिळतो. आमच्याकडे शेवटी रिटर्नच्या आठवड्यात सहीसाठी एक साधा, सुटा पीसी कोपऱ्यात ठेवला. तो अजून तिथेच आहे.