जुन्या कारला पेट्रोल नीट पोचत नसेल तर

कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) असलेली जुनी गाडी चढावर किंवा थोडं पळाल्यावर गचके देऊन बंद पडत असेल तर लगेच कार्बोरेटर खोलू नका, आधी टाकीपासून सुरुवात करा. गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा, हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मग गाडी नीट चालली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, साफ केलं की काम झालं.

तसं नसेल तर इंजिन थंड असताना कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, इग्निशन कॉइलची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाची) वायर काढा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. धार जोरात, ठोक्याठोक्याने यायला हवी. बुडबुडे दिसले तर टाकी ते पंप या भागातला रबरी होज बघा, तिथे चीर असली तरी पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते, आणि बरेच जण नेमके इथेच फसतात. होज बदलताना पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल चालणाराच घ्या, जुनं रबर त्याने खराब होतं. मेकॅनिकल (इंजिनवर चालणारा) पंप असेल तर इंजिन ऑइलची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टीही हुंगून बघा, पेट्रोलचा वास आला तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटलेला असू शकतो, मग ऑइल बदलल्याशिवाय गाडी अजिबात चालवू नका.